थरारपटातली रेल्वे, गाडी आणि विमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात थरारपट आणि मालिका चवीने पाहणारे पुष्कळ आहेत, आणि हल्ली लघुपट, वेब मालिका लिहिणारेही. दोघांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने ते इथे मांडले आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रहस्यपटात खून रेल्वेतच का होतो? बसमध्ये का नाही?

बसमध्ये सगळे एकमेकांना दिसतात आणि ड्रायव्हर वाटेल तिथे गाडी उभी करू शकतो. रेल्वेत डबे वेगळे, बोळ अरुंद, संडासाचं दार बंद. आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत कुणाला उतरता येत नाही. कॅसल रॉक ते कुळे हा साधारण सव्वीस किलोमीटरचा टप्पा घ्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे. खुनी आणि साक्षीदार दोघेही तिथे अडकलेलेच असतात. विमान तर मध्ये थांबतच नाही. मोटारीत उलटं असतं: थांबायला कधीही येतं, म्हणून तिथे ‘थांबता येत नाही’ याचं कारण लेखकाला शोधून द्यावं लागतं.

लिहिणाऱ्यांनी आधी एवढंच ठरवावं: हे वाहन कोण थांबवू शकतं आणि थांबायला त्याला किती वेळ लागतो. खालची बहुतेक उत्तरं याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

२. साखळी ओढली की गाडी लगेच थांबते का? सिनेमात तर माणसं एकमेकांवर पडतात.

नाही. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रेकची नळी असते आणि तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब उतरला की लागलेले. साखळी ओढल्यावर त्या डब्याच्या टोकाची झडप उघडते आणि लहान छिद्रातून हवा बाहेर पडू लागते. त्यामुळे दाब हळूहळू उतरतो, झटका बसत नाही. इंजिनात लोको पायलटला हवा गळते आहे हे मीटरवर दिसतं आणि तो गाडी उभी करतो.

ताशी ११० किलोमीटरने धावणारी प्रवासी गाडी पूर्ण आपत्कालीन ब्रेक लावूनही साधारण पाऊण ते एक किलोमीटर पुढे जाते. म्हणजे रुळावर उभा असलेला माणूस दिसल्यावर ब्रेक मारून गाडी त्याच्या पायाशी थांबणं, हे फक्त पडद्यावर.

साखळी कोणत्या डब्यात ओढली हे शोधणं अवघड नसतं. त्या डब्यातून हवेचा ‘स्स्स’ आवाज येत राहतो आणि झडप बाहेरून पूर्ववत केल्याशिवाय गाडी हलत नाही. रहस्यकथेला ही चार-पाच मिनिटं सोन्यासारखी आहेत. दुर्दैवाने फार थोडे लेखक ती वापरतात. विनाकारण साखळी ओढणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४१ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

३. नायक धावत्या गाडीचं कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारा सांधा, काढतो आणि मागचे डबे उतारावर सुटतात. हे शक्य आहे का?

यात दोन चुका असतात.

पहिली: इंजिन ओढत असताना कपलिंगवर सगळ्या गाडीचा ताण असतो. जुन्या डब्यांचं स्क्रू कपलिंग असो की नव्या एलएचबी डब्यांचं मधोमध बसवलेलं कपलर, ताणाखाली ते हाताने सुटत नाही. यार्डात डबे सोडवताना इंजिन आधी जरा मागे दाबतात, डब्यांच्या टोकाचे दट्टे, म्हणजे बफर, दबले की मग कपलिंग मोकळं होतं. घाटात मागून जादा इंजिनं ढकलत असतील तर काही जोडांवरचा ताण कमी होऊ शकतो. प्रसंग पटवायचाच असेल तर ही पळवाट वापरावी.

दुसरी चूक मोठी आहे. डबे वेगळे झाले की मधली हवेची नळी सुटते, दोन्ही तुकड्यांतला दाब शून्यावर येतो आणि दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतात. हा ब्रेक एकोणिसाव्या शतकात शोधला गेला तो नेमका याच भीतीपोटी.

मग डबे खरोखर कधी सुटतात? डब्याच्या टोकाला नळी बंद करायची तोटी असते, तिला अँगल कॉक म्हणतात. ती आधीच बंद केली तर नळी सुटूनही हवा आत राहते आणि ब्रेक लागत नाहीत. दुसरी वेळ म्हणजे डबे तासन्‌तास उभे राहिले की. ब्रेकच्या टाकीतली हवा झिरपत जाते, ब्रेक ढिले पडतात. म्हणून उभ्या डब्यांना हँडब्रेक लावतात, चाकाखाली लाकडी पाचर ठोकतात, साखळीने रुळाला बांधतात. ब्रागांझा घाटात (कॅसल रॉक ते कुळे हाच टप्पा) चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची. तिथे पाचर काढून ठेवणारा माणूस हा कपलिंग उपसणाऱ्या नायकापेक्षा कितीतरी खरा खलनायक वाटेल.

४. ड्रायव्हर मेला किंवा बेशुद्ध पडला तर गाडी धावतच राहते का?

आजच्या इंजिनांत सतर्कता यंत्र असतं. साधारण मिनिटभर लोको पायलटने कुठलाही नियंत्रक हलवला नाही की आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक लागतात. शिवाय शेजारी सहायक लोको पायलट असतो. पटकथेत त्याचं काय झालं हे सांगावंच लागेल. बहुतेक सिनेमांत तो मुळात अस्तित्वातच नसतो.

अपवाद खरा घडलेला आहे. १५ मे २००१ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ४७ वाघिणींची मालगाडी माणसाविना सुमारे १०६ किलोमीटर धावली. यार्डात गाडी हलवत असल्यामुळे वाघिणींची हवेची नळी इंजिनाला जोडलेली नव्हती. सांधा बदलायला चालक खाली उतरला. इंजिनाचा विद्युत ब्रेक लावला आहे असं त्याला वाटलं, प्रत्यक्षात इंजिन जोर लावत होतं. शेवटी दुसरं इंजिन मागून जोडून वेग कमी केला आणि एक कर्मचारी चालत्या इंजिनावर चढला. यावर २०१० साली सिनेमाही आला.

५. डब्याच्या छतावरची मारामारी?

विद्युतीकरण झालेल्या मार्गावर छताच्या वर २५,००० व्होल्टची तार असते. तिला हात लागावाच लागतो असं नाही. पुरेसं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. छतावर सरळ उभा राहून ठोसा मारणारा माणूस पहिला ठोसा पुरा करणार नाही. असे प्रसंग तार नसलेल्या मार्गावर, कमी वेगात किंवा स्टुडिओत घेतात. कथा डिझेलच्या काळात ठेवली की निम्मा प्रश्न सुटतो, पण बोगद्यांचा राहतोच. छतावरून प्रवास हा कलम १५६ खाली गुन्हा आहे, रीलसाठी चढलात तरी.

६. डब्यातले प्रसंग खऱ्या गाडीत घेतात का? ओळखायचं कसं?

लांबलचक संवाद असलेले बहुतेक प्रसंग सेटवर होतात. डब्याचा तुकडा स्प्रिंगवर किंवा तरफांवर बसवून माणसं तो हलवतात. खिडकीबाहेर पूर्वी पडद्यावर चित्रफीत सोडत, मग हिरवा पडदा आला, आता मोठी एलईडी भिंत. तीन गोष्टी बघा. खिडकीतलं ऊन नटाच्या चेहऱ्यावर सरकतं का, की उजेड एकसारखाच राहतो? डबा हलताना लटकलेली पिशवी आणि माणसं एकाच लयीत हलतात का? आणि आवाज.

आवाजाबद्दल थोडं जास्त. ‘खडक-खडक, खडक-खडक’ हा आवाज रुळांच्या सांध्यांचा असतो. आता रूळ वितळवून जोडतात, त्यामुळे मुख्य मार्गावर तो ताल जवळपास गेलाच आहे. उरतो तो स्टेशनजवळ, गाडी रूळ बदलते त्या जागी. तरी ध्वनी संयोजक वंदे भारतमध्येही तोच आवाज घालतात. ब्रॉडगेजचा सुटा रूळ १३ मीटरचा असायचा. त्यावरून एक हिशेब निघतो: ४७ सेकंदांत जितके ठोके ऐकू येतील, तितका ताशी वेग किलोमीटरमध्ये. आंधळा साक्षीदार किंवा डोळे बांधलेला कैदी यावरून स्टेशनांमधलं अंतर काढू शकतो. जुन्या काळातल्या कथेला फुकट मिळालेला धागा आहे हा.

७. १९८० च्या दशकातलं बेळगाव दाखवायचं आहे. काय सांभाळावं?

- मिरज ते लोंढा मार्ग तेव्हा मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत १ मीटर अंतर. ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. रुंदीकरण १९९० च्या दशकातलं. आजच्या रुळांवर तेव्हाची गाडी दाखवली की जुने प्रवासी लगेच ओळखतात.
- डबे तांबूस-मरून. निळा रंग नंतरचा, लाल-करडे एलएचबी त्याहून नंतरचे.
- वर विजेची तार नको.
- फलाटावरच्या पाटीवर ‘बेळगावी’ नको. अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं.
- मोटारीला केए-२२ नको, चिकोडीची केए-२३ ही नको. ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आली.

८. खलनायक ब्रेकचा पाइप कापतो आणि नायिकेला ते थेट घाटात कळतं. होतं का असं?

मोटारीत हायड्रॉलिक ब्रेकची दोन स्वतंत्र मंडलं असतात. एक पाइप कापला तर दुसऱ्या मंडलावरची चाकं थांबतात, फक्त पेडल खोल जातं आणि अंतर वाढतं. दोन्ही कापली तर पहिल्या एक-दोन दाबांतच तेल बाहेर येतं. म्हणजे गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आतच कळतं. जमिनीवर डाग पडतो, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. हँडब्रेक तर बहुतेक गाड्यांत वेगळ्या केबलवर असतो. पात्राला वाचवायचं असेल तर: इंजिन चालू ठेवून एकेक गिअर खाली आणायचा, हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा-थोडा ओढायचा, डोंगराच्या बाजूला घासत न्यायचं. इंजिन बंद केलं तर स्टिअरिंगही जड होतं, ही चूक पात्राकडून करवून घ्यायला हरकत नाही.

९. मग तवंदी, चोर्ला, आंबोली घाटांत ट्रकचे ब्रेक खरोखर ‘फेल’ होतात ते कसे?

ते वेगळं प्रकरण आहे. ट्रक-बसला हवेचे ब्रेक असतात. साधारण ८ बार दाब भरलेला असतो. तो खाली आला की आधी इशारा वाजतो आणि अजून उतरला तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे नळी कापली तर ट्रक सुटत नाही, उलट जागीच जखडतो. पाइप कापण्याचा प्रसंग ट्रकवर टाकू नये.

खरं कारण उष्णता. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरलं की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर आणि ड्रम तापतात, पकड कमी होते, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा पेडल मारतो, त्यात हवाही खर्च होते. ड्रम तापलेला असल्यावर स्प्रिंगचा ब्रेक लागूनही धरत नाही. क्रम असा दाखवावा: आधी जळकट वास, मग चाकातून धूर, मग पेडल दाबूनही वेग तसाच. गिअरमध्ये परत घालायचा प्रयत्न केला तर वेग इतका वाढलेला असतो की गिअर पडत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर उगीच सांगत नाहीत. कटच दाखवायचा असेल तर क्लीनरला फितवून ड्रायव्हरला घाईत ठेवणं पुरेसं आहे.

१०. गाडी दरीत पडताच किंवा टाकीला गोळी लागताच स्फोट होतो का?

जवळपास कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेत १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, आणि साधी गोळी भोक पाडून जाते. अपघातात आग लागते ती गळलेलं पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा ठिणगीवर पडून, आणि ती वाढायला वेळ लागतो. डिझेल त्याहून मंद. विजेच्या गाडीची बॅटरी मात्र अपघातानंतर मिनिटांनी, कधी तासांनी पेटते आणि विझवल्यावर पुन्हा पेटू शकते. उशिरा पेटणारी गाडी हे रहस्याला नवं खाद्य आहे.

११. पाठलाग इतका वेगवान कसा दिसतो?

वेग अनेकदा ताशी ५०-६० किलोमीटरच असतो. कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवला की रस्ता पळतो. २४ ऐवजी २० चौकटी प्रतिसेकंद घेऊन २४ ने दाखवल्या की सगळं वीस टक्के जलद. फक्त पादचारी फ्रेममध्ये नकोत, ते तुरुतुरु चालताना दिसतात. नट चाकामागे दिसतो तेव्हा गाडी बहुतेक वेळा ट्रेलरवर असते, किंवा छतावरच्या पिंजऱ्यात बसलेला स्टंट ड्रायव्हर ती चालवत असतो. कोलांट्या घ्यायला गाडीखाली हवेच्या दाबाची तोफ बसवतात. २००६ च्या एका बाँडपटात अशा तोफेने गाडी सात वेळा उलटली आणि तो विक्रम ठरला.

संकलनातली चूक शोधायची हौस असेल तर १९६८ च्या ‘बुलिट’मधला पाठलाग पाहा: तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडताना दिसते, कारण एकच फेरी अनेक कॅमेऱ्यांतून वापरली आहे. आणि मातीच्या रस्त्यावर टायर किंचाळत नाहीत, हे आपल्याकडच्या मालिकांना कुणीतरी सांगायला हवं.

१२. पैसे नाहीत. पाठलागाशिवाय रस्त्यावरचा थरार होईल का?

होतो, आणि चांगला होतो. १९७१ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘ड्युएल’मध्ये एक लाल मोटार आणि एक जुनाट ट्रक, एवढंच आहे. ट्रकवाल्याचा चेहरा दिसत नाही, कारण कळत नाही. आपल्या भागात ऊसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. आरशात वाढत जाणारा एक दिवा आणि समोर अचानक उगवलेली काळी ट्रॉली, याला पैसे लागत नाहीत. चित्रीकरण मात्र चालू राष्ट्रीय महामार्गावर करू नका. हंगाम संपल्यावर साखर कारखान्याचं रिकामं आवार परवानगीने मिळतं, तिथे ताशी ३० च्या वेगात करा आणि प्रश्न ११ मधल्या युक्त्या वापरा.

१३. बसने पुलाच्या तुटक्या भागावरून उडी मारणं शक्य आहे?

हिशेब करा. सपाट रस्ता, १५ मीटरची फट, वेग ताशी ११०. फट पार करायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात बस सव्वा मीटरच्या आसपास खाली येते. म्हणजे समोरच्या काठावर आदळते. उडी हवी तर चढाची फळी लागते किंवा पलीकडची बाजू तेवढी खाली लागते. १९९४ च्या ‘स्पीड’साठी बस खरोखर फळीवरून उडवली होती, पण फट नव्हतीच, ती नंतर संगणकावर तयार केली.

१४. उडत्या विमानाचं दार आतून उघडता येतं का?

उंचावर नाही. बाहेर ३५,००० फूट असताना आत सुमारे ८,००० फुटांवरची हवा राखलेली असते. दोन्हींतला फरक चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त. दाराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं तरी त्यावर आठ टनांचा दाब येतो, आणि बहुतेक दारं उघडताना आधी आतल्या बाजूला यावी लागतात.

दोन अपवाद. जमिनीजवळ हा फरक संपत येतो: २६ मे २०२३ रोजी दक्षिण कोरियात देगू येथे उतरणाऱ्या विमानाचं दार एका प्रवाशाने सुमारे ७०० फुटांवर उघडलं, सगळे वाचले. दुसरा, २४ नोव्हेंबर १९७१: डॅन कूपर या नावाने चढलेल्या, पुढे ‘डी. बी. कूपर’ म्हणून गाजलेल्या अपहरणकर्त्याने बोइंग ७२७ दहा हजार फुटांवर, आतला दाब न राखता उडवायला लावलं, शेपटीकडचा जिना उघडला आणि दोन लाख डॉलर घेऊन उडी मारली. त्यानंतर हवेत तो जिना उघडू न देणारी साधी पट्टी त्या विमानांना बसवली गेली.

१५. गोळीने खिडकीला भोक पडलं तर सगळे बाहेर ओढले जातात का?

गोळीएवढ्या भोकातून जाणारी हवा विमानाची दाबयंत्रणा भरून काढू शकते. अख्खी खिडकी किंवा छत गेलं तर गोष्ट वेगळी. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये २४,००० फुटांवर बोइंग ७३७ च्या छताचा साडेपाच मीटरचा भाग उडाला. एक हवाई सेविका गेली; पट्टा बांधलेले प्रवासी जागेवर राहिले आणि विमान उतरलं. ओढ पहिल्या काही क्षणांचीच असते, सिनेमात ती पाच मिनिटं चालते.

खरा शत्रू ऑक्सिजन. ३५,००० फुटांवर माणूस अर्धा ते एक मिनिटच नीट विचार करू शकतो. मुखवटे खाली पडतात, ओढल्यावर सुरू होतात आणि साधारण १२ मिनिटं पुरतात. तेवढ्यात वैमानिक दहा हजार फुटांवर येतो. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. लेखकाकडे त्या एका मिनिटाचं घड्याळ आहे, बंदुकीची गरज नाही.

१६. दोन्ही वैमानिक बेशुद्ध. प्रवासी विमान उतरवेल का?

लहान विमान, होय. १० मे २०२२ रोजी फ्लोरिडात उड्डाणाचा अनुभव नसलेल्या प्रवाशाने, नियंत्रकाच्या सूचनांवर, एक इंजिनाचं सेसना कॅराव्हॅन उतरवलं. मोठ्या जेटमध्ये आधी कॉकपिटचं दार लागतं. २००१ नंतर ते गोळीरोधक, आतून बंद राहणारं आणि बाहेरून संकेतांकावर चालणारं झालं. आत कुणी मुद्दाम नाकारलं तर बाहेरचा काही करू शकत नाही. २४ मार्च २०१५ ला आल्प्समध्ये तेच झालं.

१७. अपहरण झाल्याचं वैमानिक गुपचूप कसं कळवतो?

विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ट्रान्सपाँडरवर, चार आकडे फिरवून. ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० इतर आणीबाणी.

१८. गुन्हेगार कोगनोळी नाका ओलांडून कागलकडे गेला. कर्नाटक पोलीस तिथे थांबतात का?

मालिकांत थांबतात आणि हात चोळत बसतात. कायद्यात तसं नाही. पाठलाग करत असलेला पोलीस अधिकारी भारतात कुठेही जाऊन अटक करू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही आहे. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. लांब असेल तर तिथल्याच न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या हद्दीत नेण्याची परवानगी, घेतात. निपाणी-कागल एवढं जवळ आहे की त्याच रात्री परत आणता येतं. हद्दीवरचा खरा ताण नाक्यावर नसून स्थानिक ठाण्यात नोंद कुणी, कधी आणि कोणत्या भाषेत केली यात असतो.

१९. आपल्याकडे रेल्वे आणि ड्रोनचं चित्रीकरण करायचं तर परवानगी कुणाची?

बेळगाव, खानापूर, लोंढा, कॅसल रॉक हे नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात. अर्ज हुबळीच्या मुख्यालयातल्या जनसंपर्क विभागाकडे. मिरज स्टेशन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, म्हणून एकाच प्रवासाच्या कथेला दोन अर्ज लागू शकतात. दूधसागर गोव्यात आहे, पण तो लोहमार्ग नैऋत्य रेल्वेचाच. शिवाय परिसर भगवान महावीर अभयारण्याचा, म्हणून गोव्याचं वनखातंही आलं. पटकथेत रेल्वे अपघात किंवा कर्मचारी खलनायक असेल तर आधीच सांगा, शेवटच्या दिवशी अडकू नका. परवानगीविना रुळांवर जाणं म्हणजे कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ड्रोनसाठी सांबरा विमानतळ लक्षात ठेवा. शेजारीच हवाई दलाचं केंद्रही आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत उडवायला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत चालतं, त्याहून वर परवानगी लागते. नकाशावरच्या लाल, म्हणजे बंदीच्या क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. नेमकी जागा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन नकाशावर चित्रीकरणाच्या दिवशी पुन्हा पाहा, क्षेत्रं तात्पुरती बदलतात.